इको नॉर्मल, पिवळं कार्ड बाकी

माझ्या मुलीच्या हृदयात काय दोष आहे ते डॉक्टर मला समजावून सांगत होते, तेव्हा मी त्यांच्या चित्रातली चूक काढली.

चुका काढणं हा माझा धंदाच आहे. चाकणच्या एका कंपनीत मी बावीस वर्षं इन्स्पेक्शनला आहे. गाड्यांचे सुटे भाग ड्रॉइंगबरहुकूम झालेत की नाही ते तपासायचं. झाले असतील तर हिरवी चिठ्ठी, नसतील तर लाल. त्यामुळे कोणी कागदावर काही काढायला लागलं की माझी मान आपोआप पुढे जाते. शरयू त्या दिवशी दोन दिवसांची होती. डॉक्टरांनी हृदय काढलं, चार कप्पे काढले, वर दोन जाड नळ्या काढल्या. मी आदल्या दिवशीच मोबाइलवर हृदयाचं चित्र पाहून ठेवलं होतं. म्हणालो, "डॉक्टर, तुमच्या या दोन नळ्यांची अदलाबदल झालीय. ही त्या बाजूनं निघायला पाहिजे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"चित्र बरोबर आहे. तुमच्या मुलीच्या नळ्या अशाच आहेत."

शेजारी व्हीलचेअरवर बसलेली वर्षा, म्हणजे माझी बायको, चित्राकडे बघत होती. तिला माझ्या आधी कळलं होतं.

या आजाराला ट्रान्सपोझिशन म्हणतात. हृदयातून दोन मोठ्या रक्तवाहिन्या निघतात. एक अशुद्ध रक्त फुप्फुसांकडे नेते, दुसरी शुद्ध रक्त अंगभर पोचवते. शरयूच्या या दोन्ही एकमेकींच्या जागी होत्या. म्हणजे अशुद्ध रक्त अंगातच फिरत राहायचं आणि शुद्ध रक्त फुप्फुसांत. मधे एक छोटीशी वाट जन्मतः उघडी असते, तेवढ्यावर बाळ तग धरून असतं. ती वाट बंद होऊ नये म्हणून शरयूला सलाइनमधून औषध सुरू होतं. ओठ जांभळे होते. आम्हाला वाटलं होतं, रंग आजीवर गेलाय.

ज्यांच्या हातात अशी फाइल नुकतीच आली असेल त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. ऑपरेशनचं मी थोडक्यात सांगणार आहे, कारण त्यात माझं काहीच कर्तृत्व नाही. माझं कर्तृत्व नंतर येतं.

तिसऱ्या दिवशी एका बारीक नळीतून फुगा आत नेऊन हृदयाच्या मधल्या पडद्यातलं भोक मोठं केलं, म्हणजे शुद्ध-अशुद्ध रक्त थोडं मिसळेल. नवव्या दिवशी मुख्य ऑपरेशन झालं, आर्टेरिअल स्विच. दोन्ही नळ्या कापून आपापल्या जागी जोडायच्या. हृदय अक्रोडाएवढं. ते थांबवून ठेवायचं आणि तेवढा वेळ मशीन रक्त फिरवणार.

वेटिंग हॉलमध्ये सगळे आमच्याच कारखान्यांच्या पट्ट्यातले. कोणाच्या गळ्यात अजून कंपनीचं ओळखपत्र, कोणाच्या पायात सेफ्टी शूज. मीही तसाच. बाहेरून आलेल्या माणसाला वाटलं असतं, इथे कसली तरी भरती चाललीय. वर्षा बाळंतीण, तिला बसवत नव्हतं, तरी ती हलली नाही. मी मात्र भिंतीवरच्या फरशा मोजून कुठली तिरकी बसलीय ते शोधलं. सात सापडल्या.

दुपारी सर्जन बाहेर आले. "नळ्या जागेवर आल्या. आता दोन दिवस तिला तिच्या गतीनं जाऊ द्या." एवढंच म्हणाले. मला त्यांच्या हातावर हिरवी चिठ्ठी ठेवावीशी वाटली.

बत्तीस दिवसांनी आम्ही घरी निघालो. निघताना हृदयाच्या डॉक्टरांनी आम्हाला बसवून घेतलं. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, छान आली होती. मग त्यांनी एक पिवळं कार्ड पुढे केलं.

"हे मेंदूच्या वाढीचं," ते म्हणाले. "मूल पोटात असतं तेव्हा त्याचा मेंदू रक्तातल्या ऑक्सिजनवर वाढतो. हिच्या मेंदूला नळ्यांच्या अदलाबदलीमुळे कमी ऑक्सिजनचं रक्त मिळालं. अशी मुलं जन्मतात तेव्हा मेंदू वयाच्या मानानं जरा कोवळा असतो. त्यावरून मग ऑपरेशन आणि आयसीयू. बहुतेक मुलं पुढे शाळेत जातात, चांगली शिकतात. पण काहींना बोलणं, हातांची बारीक कामं, लक्ष देणं, एकामागून एक गोष्टी करणं, यात मदत लागते. कोणाला लागेल ते आज सांगता येत नाही. म्हणून ठरलेल्या वयात तपासायचं. लवकर कळलं तर लवकर मदत."

हे सगळं मी आज लिहू शकतो, कारण वर्षाला ते शब्दन् शब्द पाठ आहे. माझ्या कानात 'इको छान' एवढंच शिरलं होतं. इकोच्या कागदाचा फोटो काढून मी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'फायनल इन्स्पेक्शन ओके.' पिवळं कार्ड फाइलच्या मागच्या खणात गेलं. पुढे त्याच्या पाठीवर मी गॅस सिलिंडर कधी लावला त्याच्या तारखा लिहू लागलो. कार्ड जाड होतं, लिहायला बरं पडायचं.

शरयू उशिरा बसली, उशिरा चालली. हसरी होती. पण काही हवं असलं तर बोट दाखवायची नाही, हात धरून ओढायची. अडीच वर्षांची झाली तरी शब्द हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. वर्षा म्हणायची, दाखवून आणू. मी गावी, औशाला, आईला फोन लावायचो आणि स्पीकरवर टाकायचो.

आई म्हणायची, "अगं, ह्यो चार वर्साचा हुईस्तोवर बोलला न्हवता. आन् एकदा तोंड उघडलं ते अजून मिटलं न्हाई."

वर्षा म्हणायची, "आई, म्हणूनच भीती वाटते."

शेवटी शरयू तीन वर्षांची झाल्यावर वर्षाच घेऊन गेली. मी रजा काढून सोबत. आम्ही राहतो त्या सांगवीहून नदी ओलांडली की पलीकडे तो दवाखाना आहे. तिथल्या बाई डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशन होत्या, म्हणजे मुलांचं चालणं-बोलणं-समजणं वयाप्रमाणे होतंय का ते पाहणाऱ्या डॉक्टर. खोलीत बुटकं टेबल. त्यावर ठोकळे, ओवायचे मणी, चित्रांची कार्डं. त्यांनी पंधरा-वीस मिनिटं शरयूशी खेळून पाहिलं आणि म्हणाल्या, "तीन आठवड्यांनी या. सविस्तर तपासणी करू."

तीन आठवडे!

आता इथे कंपनीतली एक रीत सांगावी लागेल. गिऱ्हाईक कंपनीचे लोक ऑडिटला येणार असले की आमच्याकडे तीन आठवडे आधी घाई सुरू होते. जमिनीवरचे पिवळे पट्टे पुन्हा रंगवायचे. डब्यांना लेबलं लावायची. मशीनवरच्या प्रत्येकाकडून क्वालिटी पॉलिसी पाठ करून घ्यायची. जो अडखळतो त्याची त्या दिवशी शिफ्ट बदलायची. साहेबानं काय विचारायचं तेही साधारण माहीत असतं. बावीस वर्षांत माझ्या हाताखालून एकही ऑडिट नापास गेलेलं नाही. मला त्याचा अभिमान होता, हेही लिहूनच टाकतो.

मी टेबलावर काय काय होतं ते डोक्यात ठेवलं होतं. तसेच ठोकळे आणले. मणी आणले. चित्रांची कार्डं आणली. फर्स्ट शिफ्ट सुटली की चार-साडेचारला घरी. चहा झाला की मी आणि शरयू. बदक, छत्री, किल्ली, घोडा, कप. एवढी पाच तिला यायला लागली, तीही याच क्रमानं. क्रम मोडला की गाडी थांबायची. जमलं की मी टाळ्या वाजवायचो, मग तीही वाजवायची. वर्षा स्वयंपाकघरातून बघायची आणि तिला बरं वाटायचं. तिला वाटायचं, बाप मुलीशी खेळतोय.

तपासणीच्या दिवशी मी वर्षाला बाहेर बसवलं. म्हटलं, "तुला टेन्शन येतं, ते मुलाला कळतं." आत माझ्या भुवया जेवढ्या हलल्या तेवढ्या माझ्या लग्नातही हलल्या नव्हत्या. बाईंनी कार्ड दाखवायचं, शरयूनं माझ्याकडे बघायचं. पालकांनी भरायचा एक कागद होता. 'दोन सूचना एकामागून एक दिल्या तर पाळते का?' मी टिक केली, हो. 'स्वतःच्या हातानं चमच्यानं खाते का?' हो. प्रत्येक ओळीवर हो. ऑडिटच्या चेकलिस्टवर मी 'नाही' कधी लिहिलंच नव्हतं, हातच वळेना.

बाईंनी विचारलं, "घरी सराव घेतला होता का?"

"छे हो. आपलं थोडं खेळतो."

त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. रिपोर्ट आला, 'वयाला साजेसं. सहा महिन्यांनी पुन्हा.' बाहेर वर्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. मला म्हणाली, "मीच उगाच घाबरत होते." मी म्हणालो, "होतं असं." येताना आम्ही मोठ्या ऐटीत मस्तानी प्यालो.

सहा महिन्यांनी दवाखान्यातून फोन आला. मी सांगितलं, कंपनीत ऑडिट आहे. ते खरंच होतं.

शरयू शाळेत गेली. सीनियर केजीत असताना वर्गाच्या बाईंनी बोलावलं. त्या वैतागलेल्या नव्हत्या, उलट हळू बोलत होत्या, त्यामुळे मी जास्त घाबरलो. "वही काढ, पेन्सिल काढ, पहिलं पान उघड, असं म्हटलं की ती वही काढून थांबते. फळ्यावरचं उतरवता येत नाही. डब्याच्या सुट्टीत गोंगाट झाला की कानांवर हात ठेवून कोपऱ्यात बसते. मुलं तिला खेळायला घेत नाहीत. तिच्या हृदयाचं मला माहीत आहे, पण बाकी काही तपासलंय का?"

मी म्हणालो, "तपासलंय. नॉर्मल आहे. रिपोर्ट आहे."

त्या आठवड्यात एका सकाळी शाळेची व्हॅन खाली येऊन उभी राहिली होती. शरयूच्या शर्टाची दोन बटणं लावायची राहिली होती. मी ठरवलं, आज तिनंच लावायची. तिची बोटं बटणावर यायची आणि घसरायची. व्हॅनचा हॉर्न. पुन्हा हॉर्न. मी ओरडलो, "दोन बटणं, शरयू! दोनच तर आहेत!"

तिनं बटण सोडलं. माझ्याकडे बघितलं. मग सरळ उभी राहिली, हात खाली केले आणि म्हणाली, "बदक, छत्री, किल्ली, घोडा, कप."

आणि टाळ्यांची वाट बघत हसली.

वर्षा डबा घेऊन दारात आली होती. "हे काय म्हणतेय ही?"

"काही नाही."

मी टाळ्या वाजवत नाही म्हणून शरयूनं पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. बदक, छत्री, किल्ली, घोडा, कप.

"अहो, हे काय आहे?"

मी सांगितलं. उभ्या उभ्या, चार-पाच वाक्यांत. ठोकळे, भुवया, कागदावरचे 'हो', सगळं. वर्षानं खाली बसून शरयूची बटणं लावली, तिला व्हॅनपर्यंत सोडून आली. मला वाटलं, आता वादळ होईल. तिनं एवढंच विचारलं, "पिवळं कार्ड कुठाय?"

कार्ड मी काढून दिलं. तिनं मागच्या बाजूच्या सिलिंडरच्या तारखा वाचल्या. मग उलटून पुढची बाजू वाचली. पुढच्या बाजूला तपासण्यांच्या रकान्यात एकच सही होती.

दवाखान्यात या वेळी मी आधी बोललो. बाईंना म्हणालो, मागची तपासणी खरी नव्हती. कसं कसं केलं तेही सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर सोपं झालं असतं.

"तुम्ही कंपनीत काय करता?"

"इन्स्पेक्शन."

"मोजायचं साधन असतं ना तुमच्याकडे?"

"असतं. गेज म्हणतात."

"कोणी ते गेजच वाकवलं तर?"

आमच्याकडे त्याला माफी नाही. माल बिघडला तर दुरुस्त होतो. गेज वाकवलं तर काय बिघडलंय तेच कळत नाही.

"इथे पास-नापास नसतं," बाई म्हणाल्या. "मुलाला कुठे हात द्यायचा ते शोधायचं असतं. ती साडेपाच वर्षांची आहे. तीन वर्षांची असताना सुरू केलं असतं तर बरं झालं असतं. आता सुरू केलं तरी बरंच होईल. मेंदू अजून वाढतोय. किती भरून येईल ते मी सांगणार नाही, कारण मला माहीत नाही."

डॉक्टरांनी 'माहीत नाही' म्हटलेलं मला पहिल्यांदाच पटलं.

पुन्हा तपासणी झाली. मी बाहेर, वर्षा आत. हृदय उत्तम, ऐकू छान येतं, समजही बरी. अडचण हातांच्या बारीक कामांत, सूचना लक्षात ठेवण्यात आणि गोंगाटात. आठवड्यातून दोनदा ऑक्युपेशनल थेरपी सुरू झाली. म्हणजे रोजच्या जगण्यातली कामं हातांना आणि मेंदूला खेळातून शिकवायची. एकदा स्पीच थेरपी, त्यात वाक्यं जोडायची, गोष्ट सांगायची. शाळेला पत्र गेलं, पहिल्या बाकावर बसवा, एका वेळी एकच सूचना द्या, लिहायला वेळ जास्त द्या. शाळेच्या बाईंनी ते पत्र वाचून सुस्कारा सोडला. म्हणाल्या, "हे आधी मिळालं असतं तर मी तिला रागावले नसते." तो हिशोबही माझ्याच नावावर.

घरी करायचे व्यायाम होते, त्यात एक नट-बोल्टचा. आमच्या बिल्डिंगखाली सलीमभाईंचं गॅरेज आहे. मी त्यांच्याकडे दहा-बारा नट-बोल्ट मागायला गेलो.

"कशाला भाऊ, कंपनीत संपले काय?"

मी सांगितलं कशाला ते. सलीमभाईंनी हात पुसले, मोठ्या बोल्टांचा एक डबा काढला, रॉकेलनं धुऊन मग साबणानं धुतला आणि म्हणाले, "घरी नको नेऊ राव. इथं आण तिला. घरी तू बापासारखा बसतो समोर. इथं तिच्याकडं कोण बघतं?"

तेव्हापासून रोज संध्याकाळी शरयू गॅरेजच्या पायरीवर बसते. आधी अंगठ्याएवढे बोल्ट, मग बोटाएवढे. चढला नाही तर सलीमभाई मान वर न करता म्हणतात, "उलटा फिरव एकदा, मग सीधा. माझापण असाच अडतो." ती उलटा फिरवते, मग सीधा. मी लांब पानटपरीपाशी उभा राहतो. जवळ जायला मला मनाई आहे, वर्षाचा हुकूम.

बटण तिनं पहिल्यांदा स्वतः लावलं ते चार महिन्यांनी. चुकीच्या काजात. मी त्यातली चूक काढली नाही. बावीस वर्षांतला माझा हा एकमेव सोडून दिलेला डिफेक्ट.

तुमच्या बाळाच्या हृदयाचं ऑपरेशन झालं असेल, तर माझ्या फजितीतून एवढं घ्या. इको नॉर्मल म्हणजे हृदय नॉर्मल. पिवळं कार्ड वेगळं, त्याच्या तारखा वेगळ्या. तुमच्या दवाखान्यात ते पांढरं असेल किंवा नसेलही, तर आपणच विचारायचं, मेंदूच्या वाढीची तपासणी कधी? मूल मागे असेलच असं नाही, घाबरू नका. पण तपासणीला नेताना मूल जसं आहे तसं न्या. भुकेलं नको, झोपलेलं नको, आणि पढवलेलं तर मुळीच नको. कागदावर 'नाही' लिहायला हात अडला, तर पेन बायकोकडे द्या.

ज्यांनी नळ्या जागेवर आणल्या त्यांचे, पिवळं कार्ड देणाऱ्यांचे, मला न रागावणाऱ्या बाईंचे, शाळेच्या बाईंचे आणि सलीमभाईंचे आभार मानायचे तर ग्रुपवर फोटो टाकून भागणार नाही. म्हणून हा एवढा प्रपंच.

शरयू आता दुसरीत आहे. गोष्ट सांगते, मधूनच धागा सुटतो, पुन्हा पकडते. गोंगाट झाला की अजून कानांवर हात जातात, पण कोपऱ्यात जात नाही. एक मैत्रीण आहे. त्या मैत्रिणीचं बोलणं इतकं अखंड आहे की आईनं फोनवर ऐकून विचारलं, ही आपल्यापैकीच कोणाची का?

गेल्या महिन्यात पुन्हा तपासणी झाली. मी बाहेर बसून फरशा मोजल्या नाहीत, म्हणजे मोजल्या, पण कमी. रिपोर्ट तीन पानी होता. बऱ्याच ठिकाणी 'प्रगती आहे', चार ठिकाणी 'अजून मदत हवी.' परत येताना सांगवीच्या पुलावर गाड्या अडकल्या होत्या. रिक्षात शरयू मधे, आमच्या दोघांच्या मांडीवर हातपाय टाकून. मी रिपोर्ट पुन्हा उघडला आणि न राहवून म्हणालोच, "चार ठिकाणी कमी पडली गं."

वर्षानं माझ्या हातातून कागद घेतला, घडी घालून पिशवीत ठेवला.

"पडू द्या. पहिल्या वेळी तुम्हाला चांगले मार्क पडले होते. हे तिचे आहेत."